पोटाचा त्रास, ऑनलाइन संमोहन आणि शंभर टक्के गॅरंटी

पत्र

मी 34 वर्षांची आहे. बोरिवलीला राहते, फोर्टमध्ये एका विमा कंपनीच्या ऑफिसात काम करते. चार वर्षं झाली, पोटाने जीव नकोसा केला आहे. सकाळी निघण्याआधी तीनदा जाऊन आले तरी फास्ट लोकल गोरेगाव ओलांडते न ओलांडते तोच कळ येते. अंधेरी, वांद्रे, दादर, कुठल्या स्टेशनवर शौचालय कोणत्या टोकाला आहे ते मला पाठ आहे. सगळ्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट नॉर्मल आले. पोटाच्या डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे तपासण्यांत दोष न सापडताही आतड्यांचं काम बिघडवणारा त्रास, म्हणून सांगितलं. गोळ्यांनी थोडे दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

ऑफिसातल्या मैत्रिणीने ऑनलाइन हिप्नोथेरपी, म्हणजे संमोहन उपचार, सुचवली. इन्स्टाग्रामवर एका बाईंशी बोलले. 12 सेशनचं पॅकेज 48,000 रुपये, पण 'आज रात्रीपर्यंत' भरले तर 30,000. हा आज रात्रीपर्यंतचा मेसेज मला महिनाभरात तीनदा आला. त्या शंभर टक्के गॅरंटी देतात. माझ्या पोटात मागच्या जन्मीची भीती अडकली आहे, असं त्यांचं म्हणणं. नवरा म्हणतो, ही भोंदूगिरी आहे. सासूबाई म्हणतात, आपलं मन परक्याच्या ताब्यात देऊ नये. मला मात्र काहीतरी करून बघायचं आहे. हे उपचार खरे असतात का? ऑनलाइन चालतात का? आणि विश्वासाचा माणूस ओळखायचा कसा?

एक वाचक, बोरिवली

उत्तर

ताई,

आधी महत्त्वाचं सांगते. संमोहन उपचार खरे आहेत, आणि तुम्हाला जो त्रास आहे त्यावर त्यांचा उपयोग इतर बहुतेक तक्रारींपेक्षा जास्त नीट तपासला गेला आहे. पण ज्या बाईंशी तुम्ही बोललात त्यांच्याकडे हे उपचार घेऊ नका. पैसे भरले नसतील तर भरू नका.

तुमच्या यजमानांना संशय का येतो हे मला कळतं. आपल्याकडे बहुतेकांनी संमोहन पाहिलेलं असतं ते गणपतीतल्या मंडपात नाहीतर कॉलेजच्या गॅदरिंगला. कुणीतरी माईक हातात घेऊन येतो, पाच-सहा जणांना स्टेजवर बोलावतो आणि कच्चा कांदा सफरचंद म्हणून खायला लावतो. तिथे वर जाणारे स्वतःच्या हौसेने गेलेले असतात, त्यांतले पटकन प्रतिसाद देणारे तेवढे ठेवले जातात आणि उरलेलं काम समोरच्या गर्दीचा दबाव करतो. दवाखान्यात जे चालतं ते याहून फार वेगळं आणि बघायला गेलं तर कंटाळवाणं असतं.

तुमच्या आजारापुरतं बोलू. 1984 साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरचे पोटविकारतज्ज्ञ पीटर व्हॉरवेल यांनी आयबीएसच्या 30 रुग्णांवर केलेली चाचणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. कुठल्याच उपचाराने बरं न वाटलेले हे रुग्ण होते. निम्म्यांना संमोहन दिलं, निम्म्यांना बोलून मानसोपचार आणि सोबत औषध नसलेली गोळी. संमोहन घेतलेल्यांना स्पष्ट जास्त फरक पडला. तेव्हापासून मँचेस्टरला पोटासाठीच्या संमोहनाचं काम सतत चालू आहे. 2008 साली ब्रिटनच्या नाइस या संस्थेने, जी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला उपचारांची दिशा ठरवून देते, सांगितलं की वर्षभर औषधं घेऊनही आयबीएस आटोक्यात येत नसेल तर संमोहन उपचार किंवा सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा उपचार) यांसारख्या मानसोपचारांसाठी पाठवण्याचा विचार करावा. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने 2016 मध्ये संमोहनाची तुलना लो-फॉडमॅप आहाराशी केली. आयबीएससाठी कांदा, लसूण, गहू, काही कडधान्यं काही आठवडे बंद करायला सांगतात, तोच हा आहार. दोन्हींचा गुण जवळपास सारखा आला. आपल्या घरातला स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कांदा-लसूण न सोडता तेवढाच गुण येणं किती मोलाचं आहे ते कळेल.

आता गॅरंटीबद्दल. नेदरलँड्समध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीत एकेकट्याने संमोहन घेतलेल्यांपैकी साधारण 40 टक्के लोकांना तीन महिन्यांनी पुरेसा आराम पडला होता. नुसती माहिती आणि आधार मिळालेल्या गटात हे प्रमाण 17 टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे फरक खरा आहे, मोठा आहे, आणि तरीही निम्म्याहून जास्त लोकांना पुरेसा गुण आला नाही. चांगल्या संशोधकांच्या हाती असं असताना शंभर टक्क्यांचं वचन देणाऱ्याला एकतर हा विषय माहीत नाही किंवा तो तुम्हाला खरं सांगत नाही. दोन्ही प्रकारची माणसं उपचाराला नकोत.

सेशनमध्ये होतं काय, ते सांगते, म्हणजे सासूबाईंची भीतीही कमी होईल. आतड्यांमध्ये मज्जातंतूंचं दाट जाळं असतं आणि त्याचा मेंदूशी सतत संवाद चालू असतो. आयबीएसमध्ये ही आतडी जास्त हळवी होतात. वाताची साधी हालचालही मेंदूपर्यंत दुखणं म्हणून पोचते, मेंदू धास्तावतो, धास्तीने आतड्यांची गती वाढते आणि खरोखरच घाईची लागते. लोकलमध्ये शौचालय नसतं, दार बंद असो की उघडं, दोन स्टेशनांच्या मध्ये उतरता येत नाही. एवढी जाणीवही हे चक्र सुरू करायला पुरते. संमोहनात आधी शरीर सैल सोडायला शिकवतात, मग लक्ष एकाच गोष्टीवर आणतात. पोटावर हात ठेवून त्या हाताची ऊब आत उतरते आहे अशी कल्पना करायला लावतात, किंवा संथ, एका गतीने वाहणारी नदी डोळ्यांसमोर आणायला सांगतात. तुमच्यासारख्या घाईच्या त्रासात त्या नदीचा वेग तुम्ही स्वतः कमी करायचा असतो. त्याचं रेकॉर्डिंग देतात, ते घरी रोज 15-20 मिनिटं ऐकायचं. असं आठवड्याला एक याप्रमाणे सहा ते बारा सेशन. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काही जाणवलं नाही तरी घाबरू नका, कारण हे हळूहळू अंगवळणी पडणारं कौशल्य आहे.

यात माणूस झोपत नाही आणि शुद्धही हरपत नाही. सासूबाई जपाला बसलेल्या असताना दाराची बेल त्यांना ऐकू येते, फक्त उठावंसं वाटत नाही. खरंच कुणी हाक मारली तर त्या उठतात. संमोहनातली अवस्था साधारण तशी असते. न पटणारी सूचना आली तर माणूस ती धुडकावू शकतो, डोळे उघडू शकतो, कॉल बंद करू शकतो. ऑनलाइन सेशन चालू असताना नेट गेलं तर काय, असं पुष्कळजण विचारतात. काही होत नाही. आवाज थांबला की थोड्या वेळाने आपण आपोआप भानावर येतो, फार तर डुलकी लागते आणि जाग येते.

मागच्या जन्माबद्दल मात्र मला ठामपणे सांगायचं आहे. संमोहनात माणसाची कल्पनाशक्ती मोकळी होते आणि समोरच्याचं बोलणं मनात खोल जातं. म्हणूनच पोट शांत करायला त्याचा उपयोग होतो, आणि म्हणूनच आठवणी खणायला ते वापरणं धोक्याचं आहे. जे घडलंच नाही ते अगदी चित्रासारखं दिसतं आणि ते खरं असल्याची खात्रीही वाटू लागते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने 1985 मध्येच बजावलं होतं की संमोहनाखाली आलेल्या आठवणी साध्या आठवणींपेक्षा जास्त भरवशाच्या नसतात. तरीही पुढच्या दहा वर्षांत तिकडे अशा 'परत मिळवलेल्या' आठवणींवरून मुली-वडिलांची नाती तुटली, खटले झाले. तुम्ही पोटाच्या त्रासासाठी गेलात आणि डोक्यात नवीनच भीती घेऊन परत आलात, असं व्हायला नको. इन्स्टाग्रामवरच्या बोलण्यातच ज्यांना मागचा जन्म दिसला, त्यांच्या हाती असं साधन देऊ नये.

ऑनलाइनचं म्हणाल तर तुमच्या बाबतीत ते मला जास्त बरं वाटतं. ज्या बाईला लोकलमध्ये बसायची धास्ती आहे तिने उपचारासाठी दर आठवड्याला लोकलने दादर गाठायचं, यात अर्धी ताकद जाण्यायेण्यातच संपेल. घरी तुमचं शौचालय दहा पावलांवर आहे. त्या निश्चिंतीत शरीर सैल सोडायला शिकणं सोपं जातं. मँचेस्टरच्याच लोकांनी स्काइपवरून उपचार घेतलेल्या रुग्णांची नोंद ठेवली. बहुतेकांना फायदा झाला, समोरासमोर बसलेल्यांपेक्षा थोडा कमी. हा थोडा कमीपणा मी तुमच्या प्रवासाच्या त्रासापुढे मान्य करेन. शिवाय तुम्हाला मुंबईपुरतं शोधायची गरज उरत नाही. पुण्या-नाशिकचे, नागपूरचे मराठीत काम करणारे तज्ज्ञही चालतात. आणि मराठीचा आग्रह तुम्ही जरूर धरा. ज्या भाषेत तुम्ही घाबरता, त्याच भाषेत धीर दिलेला आत पोचतो. इंग्रजीतली तयार स्क्रिप्ट वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत.

अडचण आहे ती जागेची. वन-बीएचकेत चार माणसं, टीव्ही, कुकर, कुरिअरवाला, आणि मध्येच 'आई, माझी वही कुठे' म्हणत येणारं मूल असेल तर तेही. हा प्रश्न किरकोळ समजू नका, अर्ध्यावर सुटलेले कितीतरी ऑनलाइन उपचार याच कारणाने सुटतात. आठवड्यातला एक तास घरात जाहीर करून टाका. चोरून करू नका, दार लोटलेलं असताना सगळ्यांना कारण माहीत असू दे. वायरवाले इअरफोन वापरा, फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाका, मोबाइल हातात न धरता टेकवून ठेवा म्हणजे तुमचा चेहरा, खांदे आणि श्वासाची हालचाल समोरच्याला दिसेल. त्याहून जास्त काही कॅमेऱ्यात दिसायची गरज नसते, आणि कुणी तशी मागणी केली तर कॉल तिथेच बंद करा. रेकॉर्डिंग रोज घरी बसून ऐका. लोकलमध्ये, रिक्षात, गाडी चालवताना ऐकू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, माणूस कसा निवडायचा. यावर मी इतर सगळ्यापेक्षा जास्त वेळ घालवीन, कारण आपल्याकडे 'हिप्नोथेरपिस्ट' ही पाटी लावायला कुठल्याही सरकारी परवान्याची गरज पडत नाही. शनिवार-रविवारचा कोर्स करून सोमवारी कुणीही उपचार सुरू करू शकतं, आणि 'आंतरराष्ट्रीय बोर्डा'चं चौकटीतलं प्रमाणपत्रही त्याच कोर्ससोबत मिळतं. त्यामुळे संमोहनाचं प्रमाणपत्र सगळ्यांत शेवटी बघा. आधी हे विचारा: संमोहन बाजूला ठेवलं तरी ही व्यक्ती माझ्या त्रासावर उपचार करायला पात्र आहे का?

हा एक प्रश्न बहुतेक गाळणी करून टाकतो. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमडी झालेला डॉक्टर असेल तर त्याचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा, ज्याला सीआरआर नंबर म्हणतात, आणि तो कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव घालून तपासता येतो. नुसतं 'सायकॉलॉजिस्ट' आणि 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' यात फरक आहे, तो विचारायला संकोच करू नका. समुपदेशकांमध्येही मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं उत्तम काम करणारे लोक आहेत, पण तिथे तपासायला सरकारी यादी नाही. मग ते कुणाच्या देखरेखीखाली काम करतात आणि कुठले डॉक्टर त्यांच्याकडे रुग्ण पाठवतात, हे विचारावं लागतं.

मूळ शिक्षणाचा मी एवढा आग्रह का धरते ते तुमच्याच पत्रातून दाखवते. लोकलमध्ये कळ येते असं तुम्ही लिहिलंत. त्याच वेळी छातीत धडधडतं का, घाम फुटतो का, आता आपलं काही खरं नाही असं वाटतं का, ते लिहिलेलं नाही. तसं होत असेल तर आयबीएससोबत पॅनिकचा त्रासही असू शकतो, आणि त्यावर सीबीटी व औषधं यांचा चांगला उपयोग होतो. प्रशिक्षित माणूस पहिल्या तासात हे विचारतो. ज्याच्याकडे फक्त संमोहन आहे तो प्रत्येकाला संमोहनच देणार. म्हणून पहिलं सेशन पूर्ण चौकशीचं असायला हवं: त्रास कधीपासून, कोणत्या तपासण्या, कोणती औषधं, झोप, घरचं वातावरण, पूर्वी काही मानसिक आजार. पहिल्या दहा मिनिटांत 'डोळे मिटा' सुरू झालं तर ते घाईचं काम आहे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, आटोक्यात नसलेली फिट, आत्महत्येचे विचार, यांपैकी काही असेल तर चांगला तज्ज्ञ संमोहन बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. (हे वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा विचारांत अडकलं असेल तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.)

फोनवर आणखी काही गोष्टी विचारून घ्या. पोटासाठीचं संमोहन त्यांनी शिकलंय का, की एकच रेकॉर्डिंग वजनालाही, सिगारेटलाही आणि नवऱ्याचं मन वळवायलाही चालतं? संमोहन सगळ्यावर लागू पडत नाही. सिगारेट सोडण्यासाठी ते इतर उपायांपेक्षा सरस असल्याचा भक्कम पुरावा अजून मिळालेला नाही. उलट पाळी जातानाच्या उष्णतेच्या लाटांसाठी अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने 2023 मध्ये त्याची शिफारस केली आहे. ज्याला आपल्या उपचाराच्या मर्यादा सांगता येतात त्याच्यावर मी विश्वास टाकते. सेशनचं रेकॉर्डिंग होणार का, ते कुठे राहणार, कॉल तुटला तर ते कुठल्या नंबरवर फोन करणार, घरच्या कुणाचा नंबर हवा का, हे त्यांनी तुम्ही न विचारता सांगायला हवं. आणि तुमच्या पोटाच्या डॉक्टरांशी बोलायला त्यांची तयारी हवी. 'गोळ्या बंद करा' असं म्हणणारी व्यक्ती लगेच सोडा.

पैसे सेशनगणिक द्या. फार झालं तर तीन सेशनचे. पूर्ण पॅकेज आगाऊ घेणाऱ्याला तुमच्या बरं होण्यापेक्षा तुमचा पैसा आधी हवा असतो, आणि एकदा 30,000 गेले की फरक पडत नसतानाही माणूस पैशांपायी जात राहतो. खासगी फी परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथे संमोहनच मिळेल असं समजून जाऊ नका. पण नीट निदान होईल, आणि पुढे कुणाकडे जावं हे विचारता येईल.

हे सगळं सुरू करण्याआधी एकदा पोटाच्या डॉक्टरांकडे जा. रिपोर्ट किती जुने आहेत हे तुम्ही लिहिलं नाही. मधल्या काळात वजन उतरलं असेल, शौचातून रक्त गेलं असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, ताप येत असेल, हिमोग्लोबिन कमी झालं असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर असेल तर पुन्हा तपासणी हवी. मुंबईत आतड्याचा क्षयही विसरून चालत नाही. संमोहनाने दुखणं कमी होतं, म्हणून तर त्याआधी दुखण्याचं कारण पक्कं असावं लागतं.

सुरुवात झाली की एक साधी वही ठेवा. रोज दोन ओळी: कळ किती वेळा आली, लोकलमध्ये मध्येच उतरावं लागलं का. सहा सेशननंतर वही आणि तज्ज्ञ दोघं समोर ठेवून बोला. फरक दिसत असेल तर पुढे जा. काहीच नसेल तर थांबा. तो तुमचा दोष मानू नका, काही माणसांना संमोहनाचा प्रतिसाद कमीच मिळतो. मग सीबीटी आहे, आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालचा लो-फॉडमॅप आहे.

यजमानांशी वाद घालू नका. त्यांचा संशय कामाला लावा. तीन-चार नावं काढून कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदणी तपासायचं काम त्यांच्याकडे द्या, आणि सेशनचा तो एक तास घरात शांतता राहील एवढं त्यांनी बघावं. त्या बाईंना कळवायचंच असेल तर 'मी डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसरीकडे उपचार घेत आहे' एवढा एक मेसेज करा. कारणं देत बसू नका, पुन्हा 'आज रात्रीपर्यंत' आलं तर नंबर ब्लॉक करा.